गिरणीचा भोंगा आणि बायांचं काम

गेले काही महिने आमच्या गटांच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की एकच विषय निघतो. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत नवा कारखाना येणार म्हणे. एकजण विचारते, "पोरांना काम लागेल का?" लगेच दुसरी विचारते, "आणि पोरींना?" तिसरीचं म्हणणं असतं की कारखान्याची वाट कशाला बघायची, मुंबईला मॉलमध्ये, हॉटेलात, ऑफिसात कामं आहेत, तिकडंच धाडा पोरांना.

कारखाने आले किंवा अशी ऑफिस-मॉलची कामं आली की बेकारी खरंच हटते का? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच माणसांनी हे दोन्ही बघितलं आहे, परळ-लालबागच्या गिरणगावात. तिथं आधी कारखाने आले, शंभर-सव्वाशे वर्षं चालले आणि बंद पडले. मग त्याच जमिनीवर ऑफिसं आणि मॉल आले. म्हणून आज आम्ही गिरणगावची गोष्ट सांगायची ठरवली. आपल्यातल्या कितीतरी जणींचे सासरे, आजोबा, चुलते त्या गोष्टीत आहेत.

कावसजी नानाभाई दावर नावाच्या पारशी व्यापाऱ्यानं १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली सूतगिरणी सुरू झाली. शतक संपता संपता गिरण्या ऐंशीच्या आसपास गेल्या आणि कामगार सत्तर हजारांच्या वर. पुढं ही संख्या वाढत वाढत अडीच लाखांपर्यंत पोचली. ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी, दादर, जिकडं बघावं तिकडं धुराडी. पहाटे भोंगा झाला की अख्खी वस्ती उठायची.

ही माणसं आली कुठून? जास्त करून रत्नागिरीकडून, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात आला, आणि घाटावरून सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर. जमीन थोडी, तीही भावाभावांत वाटलेली, पावसाचा भरवसा नाही. लिहिता-वाचता यायलाच पाहिजे अशी अट गिरणीत नव्हती. गावचा कुणी जॉबर असला, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, तर त्याच्या ओळखीनं दारात उभं राहायचं. आधी 'बदली' म्हणून लागायचं. बदली म्हणजे कायमचा गडी रजेवर असला तरच त्या दिवशी काम, नाहीतर परत खोलीवर. काही जण दहा-दहा वर्षं बदलीच राहिले, पण पुष्कळ जण कायम झाले. बीडीडी चाळीतल्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत दहा-पंधरा गडी राहायचे. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. आणि महिन्याला गावी मनीऑर्डर. त्या मनीऑर्डरीवर कर्ज फिटलं, विहीर झाली, बैल आला, शाळेची फी भरली.

तेव्हा कारखान्यानं काम दिलं नाही असं कुणी म्हणू नये. दिलं, आणि भरपूर दिलं. शेती न पुरणाऱ्या अडाणी माणसाला दिलं, ही त्यातली मोठी गोष्ट. पण हे झालं गड्यांचं. बायांचं काय झालं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते पुस्तकांत कमी आणि भाषणांत तर त्याहून कमी येतं.

गिरणीत बाया होत्या. थोड्याथोडक्या नव्हत्या. १९२०-३० च्या सुमारास दर पाच कामगारांत एक बाई होती. त्यांची खाती ठरलेली, वाइंडिंग आणि रीलिंग. वाइंडिंग म्हणजे सूत बॉबिनवर गुंडाळणं, रीलिंग म्हणजे सुताच्या लडी करणं. पगार कामावर, जितकं सूत तितके पैसे, आणि गड्यांच्या पगारापेक्षा कमी. त्यांच्यावर बाईच मुकादम असायची, तिला नायकीण म्हणत. काम लागायला तिचाही हात ओला करावा लागे. तान्हं मूल कुठं ठेवायचं हा प्रश्न त्याही वेळी होता. पाळणाघर नव्हतं, म्हणून कितीतरी जणी बाळाला अफूची गोळी देऊन निजवून कामावर जात. बाळगोळी म्हणत तिला. ऐकायला अंगावर काटा येतो, पण त्या बायांपुढं दुसरी वाटच नव्हती.

या बाया गप्प बसणाऱ्या नव्हत्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली. १८९० च्या एप्रिलमध्ये त्यांनी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा घेतली, दहा हजार कामगार जमले होते आणि त्यात दोन बायांनी भाषणं केली. आजही आपल्यातली एखादी ग्रामसभेत उभी राहिली तर मागून कुजबुज होते, आणि ही सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे! रविवारची सुट्टी त्याच वर्षी, १० जून १८९० ला पदरात पडली. पुढं उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर अशा पुढारी बायांनी गिरणीतल्या बायांना संपात उतरवलं.

मग या बाया गेल्या कुठं? १९७० नंतर बघितलं तर गिरणीत शंभरात जेमतेम चार-पाच बाया उरलेल्या. एका दिवसात कुणी काढलं नाही, फलक लावला नाही. हळूहळू झालं. १८९१ च्या कायद्यानं बायांचे तास मर्यादित केले, रात्रीचं काम बंद केलं. चांगलंच केलं. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेच्या पैशाचा कायदा झाला, देशातला तसला पहिलाच. तोही चांगलाच. पण हे पैसे द्यायचे कुणी? ज्या मालकाच्या गिरणीत ती बाई काम करते, त्यानंच. मालकानं हिशेब केला. बाई ठेवली की बाळंतपणाचा खर्च, आणि तिला रात्रपाळीला लावता येत नाही. मग लग्न झालेलीला घ्यायचंच नाही, दिवस गेल्याचं कळलं की कामावरून कमी करायचं, असं सुरू झालं. त्यात नवी यंत्रं आली, एका माणसानं दोघांचं काम करायचं म्हणून खाती आवळली, आणि आधी आवळली ती बायांची. गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्यावर तर बाई नकोच झाली. कामगार संघटनांचा जोर गड्याला घर चालवण्यापुरता पगार मिळावा यावर होता, बाईचं काम वाचवण्यावर तेवढा राहिला नाही.

यातून कुणी म्हणेल की मग असले कायदेच नकोत. आम्हाला ते पटत नाही. चूक कायदा करण्यात नव्हती, सगळा भार एकेका मालकावर टाकण्यात होती. पुढं १९४८ मध्ये कामगार विमा योजनेचा, म्हणजे ईएसआयचा कायदा झाला. त्यात मालक आणि कामगार दोघांच्या पैशातून निधी उभा राहतो आणि बाळंतपणाचे पैसे त्या निधीतून येतात. आपल्या गटात एकीच्या घरी आजारपण आलं की सगळ्यांच्या बचतीतून कर्ज निघतं, त्यातलाच हा प्रकार. अशी सोय आधीच असती तर किती बाया गिरणीत टिकल्या असत्या, असं राहून राहून वाटतं.

गिरणीतून बाहेर पडलेल्या, किंवा कधी आतच न गेलेल्या बायांनी स्वतःचं काम उभं केलं. त्याचं नाव खानावळ. खोलीवर राहणाऱ्या गड्यांना जेवण कोण करून घालणार? शेजारच्या खोलीतली बाई. कुणाचा नवरा आजारी, कुणाचा वारलेला, कुणाचा बदली. एकेक बाई दहा-वीस गड्यांचं दोन वेळचं जेवण करायची. पहाटे चारला स्टो पेटवायचा, भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे, भांडी घासायची, दुपारी परत तेच. पैसे मिळणार पगार झाल्यावर, महिन्यातून एकदा. तोवर वाण्याकडून उधारीवर धान्य, आणि सावकाराकडून कर्ज. त्याचं व्याज इतकं की वीस गड्यांना जेवू घालून स्वतःच्या पोरांना उरलंसुरलं. सरकारच्या कुठल्या वहीत ही बाई कामगार नव्हती. पण तिच्यावाचून गिरणी चालली नसती. १९७३-७४ मध्ये गिरण्यांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला, तेव्हा या बायांनी दागिने गहाण ठेवून कामगारांना उधारीवर जेवू घातलं.

कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव, गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या बाई, यांनी हे जवळून बघितलं. १९७५ मध्ये त्यांनी चौदा खानावळवाल्यांना एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालेलं होतं, गरिबाला कर्ज द्यायचं असं धोरण होतं, पण या बायांकडं तारण काय? प्रेमाताईंनी बँकेचं दार ठोठावलं आणि बाया एकमेकींना जामीन राहिल्या. सावकार सुटला. बचत गट हा शब्द आपल्याकडं यायच्या किती आधी हे झालं बघा. आपण ज्या पद्धतीनं आज एकमेकींची हमी घेतो, तीच ही पद्धत, दादर-परळच्या चाळीत शिजलेली.

तिथून जवळच गिरगावात १५ मार्च १९५९ ला लोहाणा निवासच्या गच्चीवर सात गुजराती बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच आपलं लिज्जत पापड. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड देऊन लाटणावळ घ्यायची. लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण, बाहेरचा मालक नाही. आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास बहिणी त्यात आहेत. आम्ही गटांना नेहमी लिज्जतचं उदाहरण देतो, पण त्याबरोबर एक खरंही सांगतो. साठ-पासष्ट वर्षांत लिज्जतनं पंचेचाळीस हजार बायांना घरबसल्या काम दिलं, आणि ते बहुतेक जणींना घरच्या मिळकतीला जोड म्हणून. गिरण्यांनी अडीच लाख माणसांना पुऱ्या पगाराचं काम दिलं होतं. पापड-लोणच्यावर अख्ख्या तालुक्याची बेकारी हटेल असं आम्हाला कुणी व्यासपीठावरून सांगितलं की आम्ही मनात हसतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणं, आणि आपली संघटना आपण निवडायचा हक्क, या मागण्या. अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिने गेले, वर्ष गेलं. हा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरून गेला. लाखावर कामगारांना परत घेतलं नाही, आणि त्यात बदलीवाल्यांचा सगळ्यात आधी बळी. कितीतरी कुटुंबं ट्रंका उचलून गावी आली. चाळीत जी राहिली त्यांच्यातल्या बायांनी घर उचललं. कुणी दादर-माटुंग्याला धुण्याभांड्याची कामं धरली, कुणी भाजी विकली, कुणी शिलाई केली. गिऱ्हाईकच गेल्यावर खानावळींचीही कंबर मोडली. एक गिरणी बंद पडते तेव्हा फक्त तिच्या हजेरीपटावरची माणसं बेकार होत नाहीत. डबेवाली, वाणी, चहावाला, धोबी, गावाकडं मनीऑर्डरीच्या वाटेवर डोळे लावलेली म्हातारी, सगळे त्यात येतात. हजेरीपटावरचे आकडे सगळे सांगतात, हे कुणी मोजत नाही.

आणि कापड विणायचं थांबलं का? अजिबात नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागावर गेलं. ही वाट संपाच्या आधीच पडली होती, संपानं ती रुंद केली. म्हणजे काम बुडालं नाही, सरकलं. पण तिथं बारा-बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, फंड नाही, रजा नाही. बेकारांच्या यादीतून नाव गेलं, पण गिरणीतल्या बापाला आजारी रजा होती आणि यंत्रमागावरच्या मुलाला नाही. बेकारी कमी झाली असं कुणी सांगितलं तर आम्ही हे आठवतो.

आता जमिनीचं. गिरण्यांची सगळी मिळून सहाशे एकरांच्या आसपास जमीन, शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ मध्ये नियम झाला की गिरणीची जागा विकसित करायची तर तीन वाटे करा. एक वाटा महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटे फक्त मोकळ्या जागेचेच करायचे ठरलं. गिरणी म्हणजे सगळी शेडच शेड, मोकळी जागा असणार किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बदललेला नियम मान्य केला. मग फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं आली, एल्फिन्स्टन आणि ज्युपिटर मिलच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले.

या ऑफिसांत कामं आहेत का? आहेत, हजारोंनी आहेत. बँका, विमा, जाहिरात, संगणक. लोअर परळला सकाळी गाडीतून उतरणारा लोंढा बघितला की कळतं. २९ सप्टेंबर २०१७ ला तिथल्याच एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसं गेली. पाळीनं येणाऱ्या गिरणी कामगारांच्या काळातली वस्ती ऑफिसच्या गर्दीची झाली, पूल तोच राहिला.

पण ही कामं लागली कुणाला? गिरणीनं चौथी नापास माणसाला घेतलं आणि यंत्रावर उभं करून काम शिकवलं. काचेच्या मनोऱ्याला आधी इंग्रजी, संगणक, पदवी लागते. मध्ये एक पिढी अशी सापडली की बापाची गिरणी गेली, म्हणून फी भरता आली नाही, म्हणून ऑफिसचं काम लागलं नाही. तिच्यासाठी उरलं ते सुरक्षारक्षक, साफसफाई, सामान पोचवणं, आणि तेही ठेकेदारामार्फत. मनोऱ्यात झाडू मारणाऱ्या बाईला विचारलं की तुझा मालक कोण, तर ती ठेकेदाराचं नाव सांगते, ऑफिसचं नाही. एक बरं झालं, तेही सांगायला हवं. शिकलेल्या पोरींना गिरणीच्या दारातून कधी आत घेतलं नसतं, त्यांना या ऑफिसांनी खुर्ची दिली. चाळीतली बारावी, पदवी झालेली कितीतरी मुलगी आज तिथं कामाला आहे. शिक्षण होतं तिथं दार उघडलं.

कामगारांच्या घरांचं सांगायचं तर २०१२ मध्ये म्हाडानं ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज आले होते दीड लाखाच्या आसपास. पुढंही सोडती झाल्या, पण अजून पुष्कळ वारस, त्यात विधवा बायाच जास्त, जुना हजेरीपास आणि फंडाची पावती जपून ठेवून वाट बघताहेत. तुमच्या घरात असे कागद असतील तर टाकून देऊ नका.

शेजारच्या बांगलादेशात कापड शिवायच्या कारखान्यांनी चाळीस लाखांच्या आसपास माणसांना काम दिलं, त्यात बाया जास्त. म्हणजे कारखाना बायांना काम देऊ शकतो हे खरं. तिथंच २०१३ च्या एप्रिलमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली, आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले असूनही त्यांना आत पाठवलं होतं. हेही खरं.

आमचं मत असं झालंय की कारखाना आणि ऑफिस, दोन्ही बेकारी हटवतात, पण आपली हटवतीलच असं नाही. नुसत्या शेतीवर आपलं भागत नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको, तेव्हा कारखाना नको म्हणण्यात अर्थ नाही. पण गिरणगावात माणसं आधी लागली, आणि प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा गिरणी बंद व्हायला आली होती. आपल्याला आधी विचारता येतील. म्हणून आमच्या ग्रामसंघानं एक अर्ज लिहिला आहे. कायम किती जणांना घेणार आणि ठेकेदारामार्फत किती. ईएसआय आणि फंड ठेकेदाराच्या माणसालाही लागू आहे की नाही. बायांना कुठल्या खात्यात घेणार, का फक्त पॅकिंगला. दुसऱ्या पाळीनंतर घरी यायला गाडी आहे का, पाळणाघर आणि संडास आहे का. कामाला लागायला काय शिकलेलं लागेल, आणि ते शिकवायला तालुक्याच्या आयटीआयमध्ये आत्तापासून वर्ग निघेल का, कारण कारखाना उभा राहायला दोन वर्षं लागतील आणि तेवढ्यात आपल्या पोरी शिकून तयार होतात. आणि शेवटचं, जमीन दिली आणि कारखाना बंद पडला तर त्या जमिनीचं काय. हा प्रश्न काही जणींना आत्ताच कशाला असं वाटला होता. लोअर परळची गोष्ट ऐकल्यावर त्यांनीच तो पहिला लिहायला लावला.

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते, तिच्यात हा अर्ज वाचून ठराव करायचा आहे. अर्जाची नक्कल ग्रामसंघाच्या दप्तरात ठेवली आहे, ज्या गटांना हवी असेल त्यांनी लिहून घेऊन जावी.